सहावा परिच्छेद

“हेही तिखटच आहे हो,” म्हणत उल्काताईंनी चमचा खाली ठेवला आणि पाण्याचा घोट तोंडात तसाच धरून बसल्या.

माधवरावांनी रांगेत उभं राहून आणलेला हा तिसरा पदार्थ होता. आधी पनीर आणलं, मग पांढऱ्या रश्शातलं शेवयांसारखं काहीतरी, आणि आता सूप. सुपात मिरपूड होती. भात होता, पण गार होऊन त्याची ढेकळं झाली होती. जहाजाच्या सातव्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये शेदीडशे माणसं ताटल्या घेऊन हिंडत होती. टेबलांवर आधीच्या लोकांची खरकटी तशीच पडली होती आणि ‘जरा उचलता का’ असं सांगायला कुणी सापडत नव्हतं. खिडकीतून समुद्र तेवढा सुरेख दिसत होता.

दोन वर्षांपूर्वी उल्काताईंच्या जिभेवर गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया झाली, मग सहा आठवडे रेडिएशन. माणूस वाचलं, पण तोंडातली लाळ आटली. तिखटाचा कण लागला तरी आग व्हायची, कोरडा घास गिळवायचा नाही. म्हणून माधवरावांनी निघण्यापूर्वी जहाज कंपनीला तीन ईमेल पाठवल्या होत्या. ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं होतं. त्या उत्तराची छापील प्रत त्यांनी मॅनेजरसमोर धरली, तेव्हा तो म्हणाला, “सर, हमारे सिस्टम में तो कुछ दिख नहीं रहा.”

“तुमच्या सिस्टमला दिसत नसेल. तुम्हाला दिसतंय ना?” माधवराव आवाज न चढवता म्हणाले.

मॅनेजरने खांदे उडवले आणि तो दुसऱ्या टेबलाकडे गेला.

“काकू, तुम्ही पुण्याच्या का?”

राखाडी गणवेशातली चाळिशीची एक बाई खरकट्या ताटल्या गोळा करत शेजारी उभी होती. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, हमीदा.

“कशावरून?” माधवरावांनी विचारलं.

“इतकं शांतपणे भांडणारा माणूस आणखी कुठला असणार?” ती हसली. “मी बिबवेवाडीची. काकूंना काय चालतं?”

उल्काताई काहीतरी बोलल्या. शस्त्रक्रियेनंतर त्यांचे शब्द जड आणि लागून-लागून येत. परक्या माणसाला ते पहिल्यांदा कळत नसत, म्हणून माधवराव त्यांचं वाक्य बहुधा मधेच पुरं करून टाकत. आताही त्यांनी तोंड उघडलं होतं. पण हमीदा उल्काताईंकडेच बघत थांबली. वाक्य संपल्यावर म्हणाली, “कळलं. दहा मिनिटं द्या.”

ती परत आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचं वाडगं होतं, वर कागदी रुमाल झाकलेला. आत मुगाची आसट खिचडी, घोटून मऊ केलेली, वर चमचाभर तूप.

“आमच्या मेसमधली आहे, स्टाफची,” ती हळूच म्हणाली. “असं आणायला परवानगी नसते. कुणाला बोलू नका हां काका.”

उल्काताईंनी वाडगं रिकामं केलं. कितीतरी महिन्यांनी त्यांनी बोट फिरवून वाडगं पुसून खाल्लेलं माधवरावांनी पाहिलं.

पुढचे तीन दिवस दोन्ही वेळा ते वाडगं येत राहिलं. बाकी सगळं बिघडतच गेलं. खोलीतला नळ गळत होता, तो कुणी दुरुस्त केला नाही. एका बेटावर उतरायचं रद्द झालं, त्याचं कारण कुणी सांगितलं नाही. चादरी बदलायला माणूस आला तो परतीच्या दिवशी. माधवराव वहीत सगळं तारीखवार टिपून ठेवत होते. उल्काताई मात्र दुपारी हमीदाची सुट्टी असली की तिच्याशी डेकवर गप्पा मारत बसत. हमीदा पाच वर्षं जहाजावर होती. नवरा करीम मिक्सर दुरुस्त करायचा, मुलगी अलफिया नर्सिंगला होती. उतरताना दोघींनी एकमेकींचे फोन नंबर घेतले.

कोथरूडच्या घरी परतल्यावर माधवराव चार दिवस पत्र लिहीत होते.

चौतीस वर्षं त्यांनी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळली होती. दुसऱ्यांची पत्रं नोंदवता नोंदवता पत्र कसं असू नये हे त्यांना पक्कं कळलं होतं. निवृत्तीनंतर ते स्वतः लिहायला लागले. त्यांच्या पत्रांनी एक बसथांबा आणि दोन बँक मॅनेजर जागचे हलले, असं सोसायटीत म्हणत. कुणाचा विमा अडला, कुणाच्या विजेच्या बिलात घोळ झाला, की माणसं त्यांच्याकडे येत. त्यांना ते आवडायचं.

जहाज कंपनीला लिहिलेल्या पत्राचे अकरा परिच्छेद झाले. पाठवण्याआधी त्यांनी ते उल्काताईंना मोठ्याने वाचून दाखवलं. सहावा परिच्छेद असा होता: ‘आपल्या जहाजावर प्रवाशांपेक्षा कर्मचारी बरे जेवतात, हे खेदाने नमूद करावे लागते. आपल्या सेविका श्रीमती हमीदा यांनी कर्मचाऱ्यांच्या मेसमधून सात वेळा खिचडी आणून दिली नसती, तर माझी पत्नी उपाशी परतली असती. जे आपल्या संपूर्ण व्यवस्थेला जमले नाही, ते एका बाईने एका वाडग्यात करून दाखवले.’

“तिचं नाव कशाला?” उल्काताईंनी विचारलं.

“अगं, कौतुकच केलंय. झाली तर बढतीच होईल.”

“ती म्हणाली होती, कुणाला...”

“बोलू नका, हो, ऐकलंय मी. भिडेपोटी म्हणतात माणसं तसं. चांगल्याला चांगलं म्हटलं नाही, तर पत्र एकांगी होतं.”

उल्काताई आणखी काही म्हणणार होत्या. पण त्यांचं वाक्य तोंडात जुळेपर्यंत माधवराव सातव्या परिच्छेदावर गेले होते.

खरं सांगायचं तर एकांगीपणाचा प्रश्नच नव्हता. माधवरावांना ते वाडग्याचं वाक्य आवडलं होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावरही ते त्यांनी मनात दोनदा म्हटलं होतं. नाव काढलं असतं, तर वाक्य मोडलं असतं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. दिलगिरी होती, पुढच्या सफरीत सवलतीचं कुपन होतं. आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं: ‘कर्मचाऱ्यांच्या मेसमधील अन्न प्रवाशांना देणे हा आमच्या स्वच्छताविषयक नियमांचा गंभीर भंग आहे. आपल्या पत्रातील सहाव्या परिच्छेदावरून चौकशी करून संबंधित कर्मचाऱ्याची सेवा तात्काळ समाप्त करण्यात आली आहे. ही बाब निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार.’

माधवरावांनी ते तीनदा वाचलं. मग उठून उगाचच पंखा बंद केला.

“काय आलंय?” उल्काताईंनी आतून विचारलं.

“काही नाही. जाहिरात.”

बायकोशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी उल्काताई मऊ भात कालवत असताना ते ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. त्यांनी कंपनीला दुसरं पत्र पाठवलं, मग तिसरं. हमीदाचा काही दोष नाही, आग्रह आमचाच होता, असंही लिहिलं, खरं नसताना. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’, एवढंच दोन्ही वेळा उत्तर आलं. असली उत्तरं कशी तयार करतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं. ‘प्रकरण निकाली’ असा शिक्का त्यांनी स्वतः हजारो कागदांवर मारला होता. त्या कागदांमागे माणसं असत, हेही तेव्हा माहीत होतं. पण ती समोर नसत.

नवव्या दिवशी त्यांनी उल्काताईंच्या फोनमधून नंबर घेतला आणि खाली बागेत जाऊन हमीदाला फोन लावला.

“अरे, काका!” तिचा आवाज तसाच होता. “काकू जेवतायत ना नीट?”

“जेवतात. तुम्ही... जहाजावर आहात?”

“नाही, पुण्यातच आहे सध्या.”

“सुट्टीवर?”

“तसंच समजा.”

“मी येऊन भेटलो तर चालेल?”

“या ना. रविवारी या, मी घरी असते.”

रविवारी माधवराव एक फाइल घेऊन बिबवेवाडीला गेले. गल्लीत खाली करीमचं दुकान होतं, उघडलेल्या मिक्सरनी भरलेलं, आणि वर दोन खोल्या. करीमने हात पुसत त्यांना वर नेलं, खुर्ची दिली.

“हमीदा सांगत होती तुमच्याबद्दल. काकूंना बरं आहे ना?” तो म्हणाला. “चांगली नोकरी होती हिची, बघा. पाच वर्षांत एक तक्रार नाही. कुणा पॅसेंजरनं काहीतरी पत्र लिहिलं आणि हिला मुंबईत उतरवून दिलं. एजंट म्हणतो, आता दुसऱ्या जहाजावरही घेणार नाहीत. तो माणूस एकदा भेटायला पाहिजे मला.”

“सोडा ना ते,” हमीदा स्वयंपाकघरातून म्हणाली. “काकांना पाणी द्या आधी.”

तिच्या त्या घाईवरून माधवरावांना कळलं. तिला माहीत होतं. फोनवर बोलली तेव्हाही माहीत होतं. आणि तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. करीमने पुढे केलेला पेला त्यांनी घेतला नाही. ते उभे राहिले.

“करीमभाई, तो माणूस मीच आहे.”

करीम पेला धरून तसाच राहिला. मग हमीदाकडे वळला. “तुला माहीत होतं?”

“मॅनेजरनं वाचून दाखवलं होतं सगळं पत्र.” ती दारात येऊन उभी राहिली. “वाईट काही लिहिलं नव्हतं. चांगलंच लिहिलं होतं माझ्याबद्दल.”

करीमने पेला टेबलावर ठेवला आणि तो जिना उतरून खाली गेला. जरा वेळाने खालून मिक्सर फिरवून बघितल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

माधवरावांनी घाईघाईने फाइल उघडली. “हे बघा, मी अर्ज तयार केलेत. एक कामगार आयुक्तांना, एक जहाज वाहतूक खात्याला. वर्तमानपत्रालाही देता येईल. फक्त तुमची सही हवी. मी पाठपुरावा करीन, शेवटपर्यंत करीन. तुम्हाला परत घ्यावंच लागेल त्यांना.”

हमीदाने हात ओढणीला पुसले, पुढे आली आणि न वाचताच फाइल मिटवली.

“काका, आता काही लिहू नका.”

“अहो, पण हा अन्याय...”

“मी हिंजवडीत एका कंपनीच्या कँटीनला लागलेय. सकाळी साडेपाचला निघते. जहाजावरून काढलंय हे तिथं सांगितलेलं नाही. पेपरात नाव आलं तर तेही जाईल.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच माधवरावांना सहन होत नव्हतं. “माझं नाव आता कुठं लिहू नका. माझ्यासाठी एवढंच करा.”

ते फाइल छातीशी धरून उभे राहिले. माफी मागायची असं घरून ठरवून आले होते. तसं एक वाक्यही तयार होतं, पण इथे ते फार घोटीव वाटलं. “चुकलं माझं,” एवढंच ते म्हणाले.

हमीदाने मान हलवली. ती हो म्हणाली की राहू द्या म्हणाली, हे त्यांना कळलं नाही. जिन्यापर्यंत ती सोडायला आली.

“काकूंना माहीत आहे?”

“नाही.”

“मग आधी त्यांना सांगा, काका.”

घरी येऊन त्यांनी चप्पलही न काढता सगळं सांगितलं. आलेलं उत्तर, जाहिरात म्हणून मारलेली थाप, करीम, कँटीन. उल्काताई मटार सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

“तुला वाईट वाटेल म्हणून...” माधवराव म्हणाले.

“थांबा. मला बोलू द्या.” त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मग एकेक शब्द नीट लावून त्या बोलल्या. “मी सहा आठवडे त्या मशिनखाली पडले होते. तेव्हा तुम्ही बाहेर बसून हॉस्पिटलच्या पार्किंगबद्दल पत्र लिहीत होता.”

“ते पार्किंग नंतर...”

“झालं. मोठं झालं पार्किंग. सगळे म्हणाले, छान काम केलंत.” त्यांनी पुन्हा पाणी घेतलं. “मी आत एकटी होते.”

माधवराव खुर्चीच्या कडेवर बसले. दोन वर्षांत हे त्या एकदाही बोलल्या नव्हत्या. की बोलायला लागल्या होत्या आणि त्यांनी मधेच वाक्य पुरं केलं होतं, ते त्यांना आठवेना.

उल्काताई उठल्या. फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. थोड्या वेळाने त्यांचा आवाज ऐकू यायला लागला, जड, सावकाश, मधे मधे थांबत. शब्द कळत नव्हते. डॉक्टरांनी त्यांना सलग फार बोलू नका असं सांगितलं होतं. पण त्या बोलत राहिल्या, चांगला पाऊण तास. एकदा रडल्यासारख्या वाटल्या. मग चक्क हसल्या. माधवराव उरलेले मटार सोलत बसले होते.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “पुढच्या रविवारी मी तिच्याकडे जातेय.”

“मी येतो सोडायला.”

“नको.”

त्या रविवारी सकाळी माधवरावांनी सोसायटीच्या फाटकाशी रिक्षा थांबवली. उल्काताई आत बसल्या. माधवराव वाकून रिक्षावाल्याला पत्ता समजावून सांगायला लागले, कुठल्या चौकात वळायचं, कुठल्या दवाखान्यासमोरची गल्ली, मिक्सर दुरुस्तीचं दुकान डाव्या हाताला. दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा सांगणार, एवढ्यात उल्काताई म्हणाल्या, “मला सांगितलंय तिने. सांगते मी त्यांना.”

रिक्षावाला मागे वळला. त्याला पहिल्यांदा नीट कळलं नाही. “काय म्हणाल्या?” त्याने माधवरावांना विचारलं.

माधवरावांनी ओठ मिटून घेतले आणि ते रिक्षापासून दोन पावलं मागे सरले. उल्काताईंनी वाक्य पुन्हा म्हटलं. या खेपेला रिक्षावाल्याने मान डोलावली, मीटर टाकलं, आणि रिक्षा कर्वे रस्त्याच्या दिशेने निघून गेली.