काशीरामची जागा

लहूने चष्मा काढून फळीवर ठेवला आणि कपाकडे हात नेला. हात कपाच्या डावीकडे, रिकाम्या फरशीवर पडला.

"परत तिकडेच!" स्टोव्हला पंप मारता मारता सुगंधा थांबली.

"नजर कपावरच होती गं."

"नजरेचं कोण बोलतंय? हाताचं बोलतेय. काशीराम भावजी ओढतायत तुम्हाला."

डावीकडची ती जागा काशीरामची. लहूच्या गावचा, विक्रोळीच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या त्याच प्रेसवरचा जोडीदार आणि लग्नाआधीपासून याच खोलीतला बिऱ्हाडकरू. सुगंधा दोघांची पानं शेजारी शेजारी मांडायची. श्रावणात क्रेनची साखळी तुटली, पत्र्यांचा गठ्ठा खाली आला. काशीराम जागीच गेला. लहूच्या डोक्याला मार बसला. डावा डोळा वळेना, एकाचे दोन दिसू लागले.

इस्पितळातून एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ अशा काचांचा चष्मा मिळाला. दोनाचं एक झालं, पण सगळं थोडं उजवीकडे सरकलेलं दिसे. सुरुवातीला हात वस्तूच्या उजवीकडे पडायचा. मग तो बरोबर जायला लागला. हिवाळ्यात डोळा वळू लागला, चष्म्याची गरज उरली नाही, पण तो काढला की हात डावीकडे जायला लागला.

"डोळा बरा झालाय," डॉक्टर वसुधाबाई म्हणाल्या होत्या. "हात मात्र अजून चष्म्याच्याच हिशेबाने चालतो. चष्म्याशिवाय कप उचलत राहा. चुकेल तसा हात सुधारेल. आणि चष्मा सोमवारी परत आणून द्या."

लहू कप उचलत राहिला. सुगंधाने काशीरामच्या नावाने कुंपणाच्या भिंतीवर कावळ्यासाठी भात ठेवला. कावळा शिवला नाही. खोलीत मात्र लहूची बोटं आधी बशीला लागली, मग कपाच्या कानात बसली.

शनिवारी फोरमन मार्तंडने त्याला प्रेसवर उभं केलं. उजव्या हाताने पत्रा साच्याखाली सरकवायचा, हात काढायचा, पायाने पेडल दाबायचं.

"बोटं दहाच्या दहा दाखव संध्याकाळी," मार्तंड म्हणाला. "कमी भरली तर मला साहेबाकडे उभं राहावं लागतं, यार."

पत्रा जिथे जायचा तिथेच गेला. पाळी संपल्यावर लहूने दोन्ही पंजे पसरून दाखवले. मार्तंड हसला. "सोमवारपासून ये."

त्या रात्री जेवताना लहूचा हात सरळ ताटातच गेला. डावीकडे एकदाही गेला नाही. सुगंधाने देवाला हात जोडले. लहू डावीकडच्या रिकाम्या फरशीकडे बघत जेवला.

रविवारी दुपारी ती नळावरून आली, तेव्हा लहू चष्मा लावून बसला होता. समोर कप. हात उजवीकडे चुकत होता. तो पुन्हा नेत होता, पुन्हा. शेवटी कप अचूक हातात आला.

"हे काय आता? बरा झालात ना?"

"उद्या परत द्यायचाय. मग हात तिकडे जायचा नाही."

सुगंधा उंबऱ्यातच उभी राहिली. मग तिने हंडा खाली ठेवला.

"पाळीच्या आधी हात जागेवर आणा म्हणजे झालं," ती म्हणाली.

लहूने चष्मा काढला. तिने फळीवरून काशीरामचा पितळी पेला उतरवला, विसळला, पाण्याने भरला आणि डावीकडे ठेवला.

लहूने कपाकडे बघत हात पुढे केला. हात पेल्यावर पडला, नीट, पेला कोणी हातात द्यावा तसा.