डाव्या बाजूचा खळगा

हसू नका, मित्रांनो. मी एक जुना मेंदू आहे, पण कोणाच्या डोक्यातला नव्हे, शाडूच्या मातीचा. विचार करणे मला कधी जमले नाही. ज्या हातांनी मला घडवले, त्या हातांचा स्पर्श मात्र मी विसरलेलो नाही.

सोलापुरातल्या रुद्रप्पा मूर्तिकाराच्या पडवीत माझा जन्म झाला. रुद्रप्पाचे सारे आयुष्य गणपती करण्यात गेले होते. एका उन्हाळ्यात पद्मजा नावाची मुलगी त्याच्याकडे आली आणि म्हणाली, "मला माणसाचा मेंदू करून द्या." रुद्रप्पाने हातातली कोरणी खाली ठेवली.

"ताई, देवाचं डोकं लई केलं बगा," तो म्हणाला, "पर डोक्याच्या आत काय असतंय ते आमाला कुणी इचारलं न्हाय."

पद्मजा पुण्याला डॉक्टरकी शिकत होती. तिचे वडील चिंतामणी मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. मुलीला पुण्याला पाठवू नका, असे घरातले सगळे सांगत असताना एकट्या मास्तरांनी तिला पाठवले होते. पण शरीररचनेच्या परीक्षेत ती नापास झाली. वर्गात मेंदू दाखवताना टेबलाभोवती मुलांचा गराडा पडायचा आणि ही मागे टाचा उंचावून उभी असायची. तोंडी परीक्षेत सरांनी अर्धा मेंदू तिच्या हातावर ठेवून विचारले, "हा डावा की उजवा?" तिला सांगता आले नाही.

त्याच सुमारास मास्तरांना पक्षाघात झाला. उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. मग पद्मजाच्या काकांच्या शब्दाला घरात वजन आले. ते म्हणाले, "आणखी एकदा परीक्षा देऊ दे. पण या खेपेला नापास झाली तर घरी बसायचं."

पुस्तकातली चित्रे सपाट असतात. तिला हातात धरता येईल असा मेंदू हवा होता, म्हणून मी झालो. ती सांगत गेली आणि रुद्रप्पा कोरणीने माझ्यावर वळ्या, खाचा काढत गेला. सावलीत मला वाळवून त्याने तिच्या ओंजळीत ठेवले आणि बजावले, "पाण्यापासून जपा. ही माती कच्ची हाय."

माझी जागा मास्तरांच्या खाटेजवळच्या कोनाड्यात होती. पद्मजा मला घेऊन अभ्यासाला बसे. तिची आई द्वारकाबाई शेजारी डाळ निवडत असे. एकदा तिने विचारले, "यांचं दुखणं यात कुठं आहे गं?" पद्मजाने माझ्या डाव्या बाजूवर बोट ठेवले. "इथं, आई. डावीकडं बिघडलं की उजवं अंग जातं. बोलणंही इथलंच." द्वारकाबाईने डाळ बाजूला सारून त्या जागेला बोट लावून पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून पूजा झाली की ती पळीभर तीर्थ माझ्या डाव्या बाजूवर सोडू लागली. मित्रांनो, मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. पण तिचे हात जोडलेले आणि डोळे मिटलेले असत. तिला थांबवावे असेही मनापासून वाटत नसे.

मधले दिवस पद्मजा हाडे आणि स्नायू पाठ करण्यात गुंतली होती; मी कोनाड्यातच होतो. परीक्षा तोंडावर आली. डोळे मिटून मला चाचपायचे, असे पद्मजाने ठरवले. तिचे बोट डाव्या बाजूला गेले आणि घसरले. तिथे वळ्या नव्हत्या, खाच नव्हती, नुसता ओला चिखल होता.

"आई! हे कुणी केलं?"

"मी केलं," द्वारकाबाई म्हणाली. "डोळे आले की देवीला चांदीचे डोळे वाहतोच की आपण! दुखणं इथं आहे असं तूच म्हणालीस. मग इथं तीर्थ घातलं तर काय चुकलं गं?"

पद्मजा रागाने उठली होती, ती तशीच खाली बसली.

रुद्रप्पा लेकीकडे अक्कलकोटला गेला होता. शेवटी तिने स्वतःच माती मळली. उजवी बाजू समोर धरून तिने हुबेहूब तशीच डावी बाजू केली आणि तिथेच फसली. मला आता दोन उजव्या बाजू झाल्या! पुढून मागे जाणारी खोल खाच तिने मागून पुढे नेली होती.

खाटेवरून मास्तरांनी "अं... अं..." केले आणि डाव्या हाताने खाटेची कड बडवली. द्वारकाबाईने पाणी आणले. त्यांनी मान फिरवली. त्यांची नजर माझ्यावर होती. पद्मजाने मला त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी आपला लुळा उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि दोन्ही तळवे एकमेकांना जुळवले. नवरा देवाला नमस्कार करतो आहे असे वाटून द्वारकाबाईनेही हात जोडले. पण पद्मजाला कळले. दोन्ही हात अगदी सारखे असतात, तरी एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. अंगठ्यासमोर अंगठा येतो, तशा मेंदूच्या दोन बाजू समोरासमोर असतात.

मग मास्तरांनी तिने केलेली खाच पुसली आणि जिथून ती सुरू व्हायला हवी, तिथे आपला डावा अंगठा रुतवला. त्यांची स्वतःची जी बाजू मोडली होती, तीच बाजू ते माझ्यात नीट करत होते. पद्मजा रडत होती आणि त्यांच्या अंगठ्यापासून पुढे खाच ओढत होती.

परीक्षेला मी नव्हतो. पण तिने घरी येऊन सांगितलेले ऐकले. सरांनी पुन्हा अर्धा मेंदू तिच्या हातावर ठेवला. क्षणभर तो टेबलावर ठेवून तिने हात जोडले. सरांना वाटले, पोरगी घाबरून नमस्कार करते आहे. तिने मेंदू उचलला, चाचपला आणि म्हणाली, "डावा."

ती पास झाली. मास्तरांनी ते ऐकले आणि डाव्या हाताने तिचा हात गच्च धरून ठेवला. वाचा त्यांना परत आली नाही. पुढच्या थंडीत ते गेले. द्वारकाबाईने त्यानंतर माझ्यावर कधी पाणी घातले नाही. पूजा झाली की ती पदराने माझी धूळ टिपायची आणि मास्तरांच्या अंगठ्याने पडलेल्या खळग्यात आपला अंगठा अलगद ठेवायची.

आता मी डॉक्टर पद्मजाबाईंच्या दवाखान्यात, तुमच्यासारख्या शिकायला येणाऱ्या मुलांच्या हाताशी असतो. परवा एका रंगाऱ्याने विचारले, "बाई, हा खड्डा बुजवून गुळगुळीत करू का?" बाईंनी मला चटकन जवळ ओढले.

मित्रांनो, मला हाताळा, माझ्यावर बोट फिरवून शिका. मी त्यासाठीच आहे. धूळ मात्र कोरड्या फडक्याने पुसा. आणि डाव्या बाजूला एक खळगा लागेल, तो कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. तो बुजवू नका. बोलता न येणाऱ्या एका बापाने आपल्या मुलीला जे सांगितले, ते तेवढेच उरले आहे.