तपासणीबाईच्या घरातली भेसळ

रंगमास्तरने उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर पावडर विरघळवली, ड्रॉपरने त्यातले थेंब लहान बाटलीत सोडले आणि बाटली खिडकीच्या उजेडात धरून एक डोळा मिटला. अजून जरा निळसर हवं होतं. त्याने साध्या पाण्याचे दोन थेंब घातले, बाटली मनगटाने हलकेच फिरवली आणि मान डोलावली. जमलं. पांढऱ्यात पांढरा मिसळणं हे त्याच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. लाल चुकला तर गिऱ्हाईक चालवून घेतं, पांढरा चुकला तर सगळी भिंत चुगली करते.

न्हाणीघरातला नळ बंद झाला. त्याने वाटी विसळली, दुधाच्या पावडरचा डबा पिशवीत कोंबला, पिशवी दुकानात न्यायच्या जेवणाच्या डब्याखाली सरकवली, बाटलीवर तारखेची चिठ्ठी चिकटवून ती फ्रीझरमध्ये ठेवली आणि कपाळावरचा घाम पुसला. बाजारातल्या रंगाच्या दुकानात त्याच्या हाताखालून अख्ख्या गल्ल्यांचे रंग गेले होते, पण असा घाम त्याला कधी फुटला नव्हता. कारण जिच्या डोळ्यांत तो धूळ फेकत होता, ती त्याची बायको डेअरीत दूध तपासायची.

दूधवाले तिला तपासणीबाई म्हणत, आणि पाठ वळली की लॅक्टोमीटर. कॅनचं झाकण उघडताच ती नुसती बघे, अंगठ्याच्या नखावर एक थेंब घेऊन नख तिरकं करी, आणि थेंब कसा ओघळतो ते पाहून म्हणे, "काका, म्हैस विहिरीत पडली होती का?" मग काका शपथा घालत आणि ती शांतपणे कॅन बाजूला ठेवायला सांगे. अशा बाईच्या घरात तिचंच दूध वाढवून ठेवायचं म्हणजे पोलिसाच्या खिशातून शिट्टी लांबवण्यातलाच प्रकार. पण रंगमास्तर त्यात महिनोन्‌महिने तरला होता, आणि आता तर त्याला स्वतःच्या हाताचा थोडा गर्वही वाटू लागला होता.

सुरुवात त्याने केली नव्हती, असं तो मनाशी म्हणे. सुरुवात तिने केली. दत्तक घ्यायचं नक्की झालं त्याच आठवड्यात ती डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली आणि म्हणाली, "मी अंगावर पाजणार."

"असं येतं दूध?"

"येऊ शकतं म्हणतात. गोळ्या घ्यायच्या, पंप लावायचा, दिवसातून अनेकदा. वेळ लागतो, चिकाटी लागते आणि घरात दुसरं माणूस लागतं."

"ते कशाला?"

"पहिलं माणूस कंटाळतं म्हणून."

मग कामांची वाटणी झाली. पंप तिने लावायचा. बाकी सगळं त्याचं. भांडी उकळायची, नळ्या धुवायच्या, तिच्या खांद्यांवर गरम टॉवेल ठेवायचा, पाठ चोळायची, जे काही निघेल ते बाटलीत ओतून फ्रीझरमध्ये ठेवायचं. संसारात आजवर त्याने चहाचा कपसुद्धा स्वतः विसळला नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्याने एक नळी उकळून वितळवली, पण सुधारला. पाठ चोळायला तर असा शिकला, की ती म्हणाली, "दूध नाही आलं तरी हे चालू ठेवा."

दूध काही येईना. नुसतं दुखणं आलं. नंतर कधीतरी दोन थेंब आले, बाटलीचा तळही ओला झाला नाही. त्या दिवशी तिने पंप खोक्यात घातला, खोक्याला दोरा बांधला आणि गाठ मारली. रडली नाही. ती गाठ मारताना बघून "उद्या एक दिवस बघू," एवढंच तो म्हणाला. त्याच रात्री त्याने ते दोन थेंब फ्रीझरमध्ये ठेवताना त्यांचे चमचाभर केले. दुसऱ्या दिवशी तिने फ्रीझर उघडला, बाटली हातात घेतली, बराच वेळ तशीच उभी राहिली. मग दोरा सोडवला. त्यानंतर तो थांबणार कसा? खोट्याचं असंच असतं, एकदा टेकू दिला की घर त्यावरच उभं राहतं.

दारावरची घंटा वाजली. त्याची थोरली बहीण आली होती. तिला सगळे ताई म्हणत, आणि ती कुणाच्याही घरात शिरताना आधी कोपरे बघे.

"उद्या आणायची ना पोरीला?" चपला काढता काढता ताई म्हणाली. "मग घर असं का? छोट्या, ती खुर्ची तिथून हलव."

रंगमास्तरचं वय चाळिशीपुढे गेलं होतं, पण ताईसाठी तो छोट्याच. त्याने खुर्ची हलवली. बायको केस पुसत बाहेर आली.

"आणि ते तुझं दुधाचं खूळ? अजून चालू?" ताईने विचारलं. "मी तर सगळ्यांना सांगते, आमची वहिनी दगडातून पाणी काढतेय."

बायको फ्रीजकडे गेली आणि तिने वरचं दार उघडलं. आत बाटल्यांच्या रांगा होत्या, चिठ्ठ्या लावलेल्या, सैन्यासारख्या उभ्या.

ताईने चष्मा वर केला. मग तिने वहिनीच्या गालाला हात लावला. "माझे शब्द मागे घेते, बाई. केलंस खरं. उद्या पहिली बाटली मी पाजणार. छोट्या, एक काढून ठेव, ती कडेची, भरलेली."

कडेची भरलेली म्हणजे आजची. रंगमास्तरला खुर्ची सापडली म्हणून तो बसला. आजवर त्याने पुढचा हिशेबच केला नव्हता. बाटल्या म्हणजे बायकोचा हुरूप, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्या बाटल्यांना एक दिवस तोंड लागणार आहे, तेही दोन महिन्यांच्या जिवाचं, हे ताईने बोलता बोलता सांगितलं.

ताई गेली. बायको खाली बसून इवले कपडे घड्या घालून ठेवू लागली. तो तिच्या समोर मांडी घालून बसला, एक झबलं उचललं, उलटं घडी केलं.

"अगं, मला काहीतरी सांगायचंय."

"सांगा."

"त्या बाटल्या तिला पाजायच्या नाहीत."

"नाहीच पाजायच्या," ती म्हणाली आणि झबलं त्याच्या हातातून घेऊन सुलटं केलं.

तो मांडी मोडून तिच्याजवळ सरकला.

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या चमच्यापासून. अहो, मी दुधावर पोट भरते. दोन थेंबांचा रात्रीत चमचा झाला, तर मी काय देवाला हात जोडू?" ती हसली. "पण शेड छान जमवत होतात. डेअरीत तुमच्यासारखा एक जरी असता, तर माझी नोकरी अवघड झाली असती."

"मग बोलली का नाहीस?"

तिने एक टोपडं गुडघ्यावर ताणून बसवलं.

"बोलणारच होते. बाटली हातात घेतली, म्हटलं आता खडसावते. मग वाटलं, ह्या माणसाला घरात चहात साखर ढवळायचा कंटाळा. आणि हा माझ्यासाठी ड्रॉपर घेऊन उजेडात उभा राहिला असेल, एक डोळा मिटून. तुम्ही रंग लावताना मिटता तसा." ती थांबली. "म्हटलं, हा एवढी मेहनत करतोय, तर मी कशी सोडू? तुमच्या दुधाने नाही मला धीर दिला. तुमच्या खटाटोपाने दिला."

रंगमास्तरने खाली बघितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि तो लाल कुठल्याही डब्यात मिळाला नसता.

"म्हणजे तुझं खरं दूध... माझ्यामुळे सगळं वायाच गेलं."

"घरचं गेलं. दुपारी मी डेअरीतही पंप लावते, ते तिथेच आहे. तिथल्या फ्रीझरमध्ये, माझ्या डब्यात. तुमच्या हाताला लागू नये म्हणून तिकडे ठेवलं." तिने अंगठा तर्जनीला लावून दाखवला. "एवढंसं आहे. पण वाढतंय. पोटाला पुरणार नाही, ओठांना पुरेल."

"मला दोन कानाखाली मार."

"पहिल्या वेळेला मी दूधवाल्यांना ताकीद देते. पण तुमची काही पहिली वेळ नाही, त्यामुळे दंड." तिने घड्यांचा गठ्ठा त्याच्या मांडीवर ठेवला. "तो उद्या कळेल. आता उठा, त्या बाटल्या ओता. आणि ताईंना तुम्ही सांगायचं."

ताईंना सांगणं हाच दंड असावा असं त्याला वाटलं. फोनवर ताई जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मात्र शेवटी ती म्हणाली, "छोट्या, तुझे दाजी माझ्या बाळंतपणात पत्ते खेळत होते रे," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोर आली. संस्थेच्या बाईंनी सह्या घेतल्या, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, नाक पुसत निघून गेल्या. पोर दोन महिने बाटलीवर वाढलेली, डोळे टपोरे आणि आवाज ठणठणीत. दवाखान्यातली सिस्टर आधीच येऊन बसली होती. तिने पिशवीतून केसाएवढी बारीक नळी काढली आणि मास्तरला समजावलं. नळीचं एक टोक पावडरच्या दुधाच्या बाटलीत, दुसरं आईच्या छातीशी चिकटवायचं. पोर चोखेल तेव्हा तिला दोन्हीकडचं मिळेल. आईचं येईल तेवढं येईल, बाकीचं बाटलीतून. बाटली कुणीतरी धरायची. वर धरली की जास्त, खाली धरली की कमी.

"म्हणजे दोन्ही दुधं मिसळायची?" मास्तरने विचारलं.

"हो. का?"

"काही नाही."

बायकोने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हाच दंड," ती म्हणाली. "दिवसातून जितक्या वेळा भूक लागेल तितक्या वेळा. उजेडात, सगळ्यांसमोर."

पोरीने पहिल्यांदा तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा मुठी आवळून अशी किंचाळली की सिस्टर म्हणाली, "घाई नको, बाटलीची सवय आहे, कदाचित धरणारच नाही. काही मुलं नाही धरत." बायकोने मान हलवली, पण पोरीला खाली ठेवलं नाही. मास्तर बाटली घेऊनच तिच्या मागे गेला आणि नेहमीसारखा मोकळ्या हाताने तिचे खांदे दाबू लागला. तिचे खांदे उतरले. पोरीचा गाल तिच्या त्वचेला टेकला, हुंदका मधेच अडकला, ओठ चाचपडले. आणि तिने धरलं.

मास्तर पुढे येऊन गुडघ्यावर बसला, बाटली उंच धरून. पोरीचा जबडा हलत होता. गिळण्याचा आवाज येत होता, बारीक, नियमित. त्याने सवयीने बाटलीतल्या दुधाच्या रेषेवर नजर लावली, कारण रंगाच्या माणसाला पातळी बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

रेष हलत नव्हती.

त्याने बाटली आणखी वर केली. रेष तिथेच. मग त्याला दिसलं, नळी त्याच्या अंगठ्याखाली दुमडली होती. घाईत त्यानेच दाबून धरली होती. तो अंगठा काढणार, एवढ्यात पोरीने पुन्हा गिळलं. आणि पुन्हा. तिच्या ओठांच्या कडेला पांढरा थेंब आला, किंचित पिवळसर झाक असलेला. अशी छटा त्याला इतक्या महिन्यांत एकदाही साधली नव्हती.

सिस्टर पिशवी आवरत होती. "येतंय ना बाटलीतून नीट?"

मास्तरने नळीवरच्या आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. बायकोचे डोळे मिटलेले होते. मान मागे टेकलेली, श्वास संथ, जणू झोपलीच होती.

"अहो," ती तशीच हळू म्हणाली, "अंगठा इतक्यात उचलू नका."