कापलेला कोपरा

त्या प्लॅस्टिकच्या ताटलीत शहाण्णव खळगे असतात आणि तिचा एक कोपरा तिरपा कापलेला असतो. जुन्या ताटल्यांचा डावीकडचा वरचा कोपरा कापलेला असे. नव्या खोक्यातल्या ताटल्यांचा उजवीकडचा खालचा होता.

ताईंच्या हे लक्षात आलं, तेव्हा चार दिवस उशीर झाला होता.

प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं त्यांचं हेच काम. ताटलीच्या एका अर्ध्यात निरोगी धमन्यांचे नमुने, दुसऱ्या अर्ध्यात बुजलेल्या. रक्तवाहिन्यांच्या भिंती जे रासायनिक निरोप धाडतात, त्यांची जनुकं कुठे किती सक्रिय आहेत, ते यंत्र मोजतं. भरताना ताईंनी सवयीने कापलेला कोपरा डावीकडे वर धरला. यंत्रात ठेवताना मात्र ताटलीवर छापलेली अक्षरं पाहून ती सरळ ठेवली. निरोगी ते रोगट ठरलं, रोगट ते निरोगी.

निकाल आजवरच्या समजुतीच्या अगदी विरुद्ध आला. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम हरखल्या. नमुना हातात कसा धरायचा, इथपासून त्या ताईंकडे शिकलेल्या.

"ताई, जाता जाता बार उडवलात की! दुसऱ्या कुणी केलं असतं, तर पुन्हा करायला लावलं असतं मी."

ताईंची निवृत्ती महिन्यावर आली होती.

आज सकाळी नवरा म्हणाला, "अगं, तिसऱ्यांदा गॅस बघून आलीस. बंदच आहे तो."

"अहो, एखादी चूक आपण सांगितलीच नाही, तर कुणाला कळतं का?"

"एकाला तर कळलेलीच असते ना," पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला. "म्हणून तर गॅस बघत फिरतेयस."

ताई चप्पल घालून निघाल्या. बसमध्ये जागा असून बसल्या नाहीत.

मॅडमच्या खोलीत पडद्यावर शोधनिबंध उघडा होता. "या, या! तुमचीच वाट बघत होते. हे बघा, तुमचं नाव. खाली आभारात नाही हं, वर, आमच्या रांगेत. आता पाठवायचं बटण तुम्हीच दाबा."

ताईंनी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. सव्वीस वर्षांत ते कुठे छापून आलं नव्हतं. नमुन्यासाठी आलेली, कुणाच्या तरी पायातली बुजलेली धमनी त्यांना आठवली. खडूसारखी कडक, चिमट्यात धरताच तुटणारी.

"दाबा ना!"

ताईंनी कोटाच्या खिशातून एक कोरी ताटली काढली आणि कापलेला कोपरा मॅडमच्या दिशेला करून टेबलावर ठेवली.

"मॅडम, पाठवू नका. ताटली मी उलटी भरली होती."