छत्रीवाल्याचा निरोप

केसांचे टोप बनवणाऱ्या त्या कारखान्यात बोलायला मुभा होती, मान वर करायला नव्हती. जाळीच्या बारीक छिद्रातून एकेक केस आकडीने ओढायचा आणि त्याची गाठ मारायची. नजर हलली की गाठ हुकली. त्यामुळे उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून बसलेल्या बायका दुपारची मालिका पाहत नसत, ऐकत असत. टीव्ही त्यांच्या पाठीमागे होता. त्याच्यासमोर बसे तो एकटा घुम्या. त्याचे काम केस विंचरून जुड्या बांधण्याचे, आणि ते त्याच्या हातांना न पाहताही जमे. पडद्यावरचे बोलणे थांबले की त्यांच्यातल्या वयस्क मावशी विचारीत, "आता काय चाललंय रे?" मग एरवी ज्याच्या तोंडून दिवसभर शब्द फुटत नसे, तो घुम्या सांगू लागे.

'नावाड्याचं घर' ही नदीकाठच्या एका कुटुंबाची गोष्ट होती. एका भागात बराच वेळ नुसता रिकामा धक्का दिसत राहिला. सगळ्यांचे कान आपल्याकडे लागलेले असताना "काहीच नाही" असे सांगणे घुम्याच्या जिवावर आले.

"एक माणूस उभा आहे," तो म्हणाला. "काळी छत्री उघडून."

तसा कोणीही तिथे नव्हता. पण बायकांना तो असा काही भावला, की पुढे प्रत्येक शांततेत त्याला आणणे भाग पडले. तो कधी बोलत नसे; बोलला असता तर त्यांना ऐकू आले असते. नावाड्याच्या थोरल्या लेकीवर त्याचा जीव आहे, असे मावशींशेजारी बसणाऱ्या वहिनींनी परस्पर ठरवून टाकले. मावशी तर त्याची विचारपूसही करीत. "आज जेवलेला दिसतोय का रे?"

आणि अचानक वाहिनीने मालिकेचा गाशा गुंडाळला. गोष्ट अर्धी, थोरलीचे लग्न अधांतरी, म्हातारा नावाडी अंथरुणाला खिळलेला.

"मेल्यांना नेमकी आमचीच गोष्ट मोडायची होती," वहिनी फणफणल्या.

शेवटच्या भागाच्या दिवशी मालकीणबाईंनी कधी नव्हे ते फर्मान काढले. "आकड्या खाली ठेवा. खुर्च्या फिरवा. निरोप काय पाठ फिरवून द्यायचा?"

खुर्च्या करकरल्या. आता थाप उघडी पडणार, हे घुम्याला कळले. रागावतील, हसतील, याचे त्याला फारसे भय नव्हते. पण या एका खोलीत, दिवसातून काही क्षण, माणसे त्याच्या आवाजाची वाट पाहत; ते आज संपणार होते.

"छत्रीवाला आला की मला दाखव हं," मावशी त्याच्याजवळ सरकत म्हणाल्या. त्याने मान डोलावली.

भाग सरत आला, तरी गोष्टीतले काहीच सुटेना. मग थोरली गाठोडे घेऊन धक्क्यावर आली, नावेत चढली, आणि नाव हललीच नाही. ती वळली. थेट पडद्याबाहेर पाहत तिने हात पुढे केला. तेव्हा चित्राच्या अलीकडून माणसे आत शिरू लागली. खांद्यावर वायरींची वेटोळी घेतलेला एक. रंगभूषेची पेटी सांभाळणारी एक पोक्त बाई. दिव्यांचे खांब उचललेले दोघे. कोणी काही बोलत नव्हते. एकेक जण नावेत चढत होता.

"अगंबाई, ही तर शूटिंगवाली माणसं!" मालकीणबाई पुटपुटल्या.

सर्वांत शेवटी एक वाकलेला माणूस आला. त्याच्या हातात मोठी काळी छत्री होती. तो चित्रात आला आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याच्या काचेवर ऊन कोसळले. नदी, नाव, माणसे, सगळे पांढऱ्या उजेडात विरू लागले. तोवर प्रत्येक भागात, प्रत्येक रिकाम्या धक्क्यावर, त्या काचेवर छत्रीची सावली धरून तो चित्राच्या अलीकडे उभा होता.

"आला!" मावशी ओरडल्या. "अरे, आला की!"

"थोरलीच्या मागोमाग चढला," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "म्हटलं नव्हतं मी?"

मालकीणबाई मात्र घुम्याकडे वळल्या. "हा तर कॅमेऱ्याच्या मागचा. मग तुला आधी दिसायचा कसा?"

घुम्याने हातातली जुडी खाली ठेवली. "दिसत नव्हता," तो म्हणाला. "कधीच दिसला नाही. मी आपलं सांगायचो."

मावशींनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग पडद्यावरच्या त्या उजेडाकडे, आणि त्यांचा हात आपसूक तोंडावर गेला.

"दिसत नव्हता," त्या हळूच म्हणाल्या, "आणि होता."

आपण ज्याला थाप समजत होतो, तो माणूस त्या वेळी खरोखर उन्हात हात भरून येईतो उभा होता, ही गोष्ट घुम्याच्या मनात मावेना.

"नाव काय त्याचं?" वहिनींनी त्याला ढोसले. "नावं सरकताहेत, वाच ना! बघत काय बसलास?"

पांढऱ्या पडद्यावर बारीक अक्षरे वर चढत होती. छत्री धरणाऱ्याचे वेगळे काम कुठे लिहिलेले नव्हते. यांतले कोणतेही नाव त्याचे असू शकत होते. घुम्या उठून उभा राहिला. त्याच्यामागे बायकाही उभ्या राहिल्या. मग त्याने एकही नाव न गाळता, स्वतःचे काही न घालता, सगळी नावे मोठ्याने वाचली.