पडल्या-पडल्या दिसेल असा

"शेकोटीच्या वर? मी नाही लावणार." डिम्फनाने ड्रिलची पेटी दारातच खाली ठेवली. "मान वर करकरून पंधरवड्यात मलाच शिव्या घालाल."

नोरीन हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "आधी आत तर ये. चहा टाकलाय."

"चहा घेईन. टीव्ही नाही लावणार."

आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्याच्या त्या किनाऱ्यावर टीव्ही भिंतीवर चढवायचा म्हणजे डिम्फनालाच बोलवायचं. पोरसवदा असताना ती वडिलांबरोबर छपरांवर अँटेना लावत हिंडायची. अँटेना गेले, डिश आल्या, आता डिशही चालल्या. डिम्फना आहे तिथेच. तोंडाने फटकळ, पण तिने टांगलेला टीव्ही पडला असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. तिची एक खोड होती. कुठल्याही घरात गेली की आधी घरधन्याच्या खुर्चीत बसायची आणि तिथून डोळ्यांसमोर येईल तीच उंची धरायची. गावच्या पाद्रीबाबांनाही तिने शेकोटीवर टीव्ही लावून दिला नव्हता. "फादर, वर बघायचं ते चर्चमध्ये," असं तोंडावर सांगून आली होती.

सवयीने ती नोरीनच्या नवऱ्याची, फिन्टनची, खुर्ची शोधत बाहेरच्या खोलीत गेली. खुर्ची नव्हती. तिच्या जागी, भिंतीतल्या शेकोटीसमोर, हॉस्पिटलचा लोखंडी पलंग होता.

नोरीन दारातच थांबली. "फिन्टनला उद्या घरी आणतायत. डॉक्टर म्हणाले, आता हॉस्पिटलात ठेवून उपयोग नाही. पाठीवर पडून असतो, कूससुद्धा वळवता येत नाही गं. रविवारी क्लेअरच्या संघाचा हर्लिंगचा सामना आहे. मला म्हणतो, एवढा एक सामना माझ्या शेकोटीपाशी दाखव, मग खुशाल पुरा मला."

डिम्फना ओशाळली. मग तिने बूट काढले आणि सरळ पलंगावर आडवी झाली.

"अगं बाई, हे काय!"

"उशा किती घेतो तो?"

"दोन."

"मग दुसरी आणा."

दोन उशांवर डोकं टेकून तिने समोर पाहिलं. नजर बरोबर शेकोटीच्या वरच्या भिंतीवर गेली. जन्मभर जी जागा वाईट म्हणून लोकांना दटावलं, तीच नेमकी ही! तिला आपलंच हसू आलं.

"इथेच लावते. जरा पुढे झुकवून. पण शेकोटी विझवावी लागेल. खालून धग लागली तर टीव्ही महिन्याभरात मरेल."

"महिना कुणाला हवाय, डिम्फना?" नोरीन हळूच म्हणाली. मग एकदम ताठ झाली. "आणि विस्तव विझायचा नाही. फिन्टनच्या आईच्या वेळेपासून रोज रात्री राखेत निखारा पुरला जातोय. तो हॉस्पिटलात आहे तरी मी पुरतेय. घरी येऊन थंड चूल पाहिली, तर सामन्याआधीच जाईल तो."

डिम्फनाला गलबलून आलं, आणि गलबलून आलं की ती हमखास खेकसायची. "मग टाका टर्फ! चांगली रसरसू द्या. मी काम करीन ते महिन्याच्या बोलीवर नाही करणार."

टर्फची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीची, ढेपळं रसरसली. चहाचे दोन कप झाल्यावर डिम्फनाने भिंतीला तळवा लावला आणि झटकन मागे घेतला. व्हॅनमधून तिने ओकची जाड, रुंद फळी आणली आणि शेकोटीच्या तोंडावर, लाकूड करपणार नाही इतकी वर, छज्ज्यासारखी बसवली. धग आता फळीला अडून खोलीत येऊ लागली. भिंत निवली. पुन्हा हात लावला. हात तिथेच ठेवता आला. मग भिंत ठोकून तिने धुराची वाट कुठून जाते ते हेरलं. तिथे भोक पडलं तर विषारी धूर खोलीत यायचा. ती वाट सोडून दोन्ही बाजूंच्या सलग दगडात तिने बोल्ट ठोकले. वायर शेकोटीपासून लांब, कडेने नेली. शेवटी लोखंडी चौकटीला दोन्ही हातांनी स्वतःच लोंबकळली.

"पडशील गं!"

"मला पेलतंय ना? मग क्लेअरचे पंधराही गडी पेलेल!"

रविवारी ती सामन्याला गेली. फिन्टन उशांमध्ये पार हरवला होता, पण डोळे पडद्यावर होते.

"डावीकडे कललाय," तो पुटपुटला.

"तुमची मान कललीय."

क्लेअर हरलं. फिन्टनने पडल्या-पडल्याच रेफरीचा असा उद्धार केला की नोरीनने क्रूसाची खूण केली. बुधवारी पहाटे तो गेला.

महिन्याभराने डिम्फना न बोलावता आली. टीव्ही आता खाली घ्यायचा, नोरीनच्या खुर्चीच्या उंचीला. पलंग परत गेला होता. त्याच्या जागी जमिनीवर गादी घातली होती आणि दोन उशांवर डोकं टेकून नोरीन हवामानाच्या बातम्या बघत होती. शेकोटीत विस्तव होता.

"खाली घेते," डिम्फना म्हणाली.

"राहू दे. इथून बरोबर दिसतं."

डिम्फनाने फळीच्या वर भिंतीला हात लावून पाहिला. मग पेटी कोपऱ्यात ठेवली आणि बूट काढले.

"सरका जरा."

नोरीन सरकली आणि दोनातली एक उशी तिच्याकडे ढकलली.