बाळराजांवरून फिरलेली बाटली

प्रयोगशाळेत तिला सगळे निर्जंतुकबाई म्हणत, कारण चहाचा कप उचलण्याआधीही ती हातावर स्पिरिट मारायची. तिचंही चूक नव्हतं. भुईमुगाच्या दाण्यांचे बाराशे तुकडे तिने स्वतः कापले, नवं जनुक वाहून नेणाऱ्या जिवाणूंच्या पाण्यात बुडवले आणि बाटल्यांमध्ये जेलीसारख्या खाद्यावर मांडले. निम्मे बुरशीने खाल्ले. उरलेल्यांतले बहुतेक तपकिरी पडले. नऊ कोंब फुटले आणि त्यातल्या आठांनी मुळं धरायला साफ नकार दिला. चार वर्षांत बाटलीतून कुंडीत आलं ते एकच रोप. त्याचं नाव बाळराजे.

बाळराजांच्या पानाचा कपटा रसायनात टाकला की निळा व्हायचा, म्हणजे जनुक आत बसलं होतं. पण तेवढ्यावर प्रबंध होत नाही. ते पुढच्या पिढीत उतरलं हे दाखवायला दाणे हवेत, आणि शिष्यवृत्ती चार महिन्यांत संपणार होती. दाणे नाहीत तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. लेकीच्या लग्नापासून आई रोज फोनवर आवाज खाली आणून विचारायची, "काही गोड बातमी?"

पिवळी फुलं रोज यायची. ती सुकली की त्यांच्या बुडातून जांभळट सुया लोंबायच्या आणि आठवड्याभरात वाळून जायच्या. महिनाभर हेच चाललं तेव्हा तिच्या मार्गदर्शक सरांनी रोपांच्या खोलीतच बैठक बोलावली. कोणी तापमानावर खापर फोडलं, कोणी दिव्यांवर. अठरा वर्षं भुईमूग फक्त बाटलीत पाहिलेल्या सरांना मात्र एकदम उजाडलं. हे जनुकच शेंगा धरू देत नाही, आणि हा केवढा मोठा शोध आहे, असं सांगत त्यांनी शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं. निर्जंतुकबाईंना त्यात आपल्या चार वर्षांचा मृत्युलेख दिसत होता.

तेवढ्यात बाटल्या धुणाऱ्या मावशी बादली घेऊन दारात आल्या. उंबऱ्याजवळच्या पिवळ्या पट्टीच्या आत यायची त्यांना बंदी होती, तीही निर्जंतुकबाईंनीच घातलेली. मावशींनी तिथूनच मान लांब करून विचारलं, कुंडीवर ते चकचकीत काय बसवलंय. निर्जंतुकबाईंनी अभिमानाने सांगितलं, की ती अॅल्युमिनियमची फॉइल, खोडापर्यंत नीट चिकटवलेली. हवेतली बुरशी मातीत पडायला नको, पाणी नळीतून जातं.

"मग आऱ्या शिरायच्या कुठून?" मावशी म्हणाल्या.

आऱ्या म्हणजे काय, हे खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. मावशींनी त्या सुयांकडे बोट दाखवलं आणि पहिलीच्या वर्गाला शिकवावं तसं शिकवलं. फूल वर येतं, सुई खाली उतरते, मातीत घुसते, मग तिच्या टोकाला शेंग धरते. माती झाकली तर ती बिचारी पत्र्यावर डोकं आपटून मरणार. सर खाकरले. हे आपण परीक्षेपुरतं वाचलं होतं, म्हणाले.

निर्जंतुकबाईंनी स्पिरिट न लावता, उघड्या हाताने फॉइल टरकावली. सुया मातीपासून दोन बोटं वरच राहिल्या.

मावशींनी बादलीतली रिकामी बाटली उचलली. "शेतात आम्ही रिकामं पिंप फिरवायचो. फांद्या दबल्या की आऱ्या मातीला लागतात. फिरवू?"

सरांनी टेबल धरलं. सगळे निर्जंतुकबाईंकडे बघत होते.

"बाटली स्वच्छ आहे ना, मावशी?"

"मी धुतलीय," मावशी दुखावून म्हणाल्या.

"मग या आत," निर्जंतुकबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. बाटली बाळराजांवरून इकडून तिकडे फिरली. एक फांदी कडकन मोडली. सरांच्या तोंडून बारीकसा आवाज आला.

शिष्यवृत्ती संपायला नऊ दिवस उरले असताना कुंडी उपडी केली. अकरा शेंगा निघाल्या, त्यांत एकोणीस दाणे. निर्जंतुकबाईंनी प्रत्येकाची टोकाकडची चकती कापून रसायनात टाकली, सकाळी निकाल पाहिला आणि हातावर स्पिरिट न मारताच आईला फोन लावला.

"आई, एकोणीस झाले. त्यातले चौदा निळे."



"निळे?" आई म्हणाली. "अगं, मग डॉक्टरांना दाखवलंस का?"